सामाईक म्हणजे बेवारस नव्हे

सामाईक वस्तूची निगा राखणें हें कोणाचेंच काम नाहीं, अशी समजूत आपल्या समाजांत खोल रुजली आहे. अंगण दोघां भावांत असलें, म्हणजे त्यांतील केर तिसऱ्यानें काढावा अशी अपेक्षा! परंतु सामाईकपणा कसा नांदवावा, हें खानदेशांतील शेतकऱ्यांनीं फार पूर्वींच ठरवून ठेविलें आहे. आणि त्याची आठवण आज एका निराळ्याच कारणानें करून देणें आम्हांस अवश्य वाटतें.

धुळें जिल्ह्यांत पांझरेच्या कांठीं फड म्हणून पाणीवांटपाची एक पद्धत कांहीं शतकें चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, आणि पाटाखालील जमिनीचे मोठाले भाग; ह्या भागांस फड म्हणतात. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, पाटकऱ्यानें पाळीप्रमाणें पाणी द्यावयाचें, नदीस पाणी कमी असेल त्या सालीं एखादा फड ओलिताबाहेर ठेवावयाचा, आणि पाटांतील गाळ लाभ घेणाऱ्यांनींच मिळून काढावयाचा, असा तेथील शिरस्ता. पुढें जेथें विहिरी व पंप झाले, तेथें पाटाची गरज कमी वाटूं लागली व शिरस्ताही ढिला पडला. पाणी घेणाऱ्यानें गाळ काढावा, हें त्यांतील मुख्य सूत्र मात्र विसरण्याजोगें नाहीं.

आतां निराळें कारण सांगतों. जळगांव-धुळ्याकडील पुष्कळ घरीं संगणकशास्त्र शिकणारीं मुलें आहेत. त्यांतील एखादा रात्रीं जागून बिनपगारी काम करीत बसतो, आणि वडील मंडळी विचारतात, "यांत तुला मिळतें काय?" हें काम बहुधा मुक्त सॉफ्टवेअरचें असतें. संगणकानें काय करावें हें सांगणारा जो मूळ लेख, त्यास संहिता म्हणतात. पुष्कळ कंपन्या ती कुलुपांत ठेवितात. ही मंडळी ती उघडी ठेवितात. कोणींही वाचावी, सुधारावी, वांटावी. १९९१ सालीं लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें आरंभिलेलें लिनक्स याच पंथांतलें. आपल्या हातांतील अँड्रॉइड मोबाईलच्या पोटांत तेंच आहे.

हा कारभार केवळ पगारावर चालत नाहीं, नात्यावरही नाहीं. तो मान्य केलेल्या नियमांवर चालतो. रिचर्ड स्टॉलमन यांच्या १९८९ सालच्या परवान्याचा नियम असा कीं, जो संहिता सुधारून दुसऱ्यास देईल, त्यानें सुधारलेली संहिताही उघडी करावी व तेच हक्क पुढच्यास द्यावे. डेबियन या स्वयंसेवकांच्या संघानें १९९७ सालीं लेखी वचन दिलें कीं, आपल्या कामांतील दोष आम्ही लपविणार नाहीं. आणि मतभेद झाले तर? एकत्र कुटुंबांत भाऊ वेगळे झाले, म्हणजे घरादाराचे तुकडे होतात. येथें वेगळा होणारा सगळी संहिता बरोबर नेतो, आणि मागें राहणाऱ्याकडेही ती सगळीच उरते! म्हणूनच येथील कर्त्यास मनमानी करितां येत नाहीं.

परंतु गाळ येथेंही सांचतो. दोष शोधणें, दुसऱ्यांच्या दुरुस्त्या तपासणें, तक्रारींस उत्तरें देणें, हें काम नित्याचें आहे. एक्सझेड नांवाची, माहितीचा आकार लहान करणारी एक आज्ञावली असंख्य लिनक्स संगणकांत होती. तिची निगा वर्षानुवर्षें बहुतांशीं एकच स्वयंसेवक विनामूल्य राखीत होता. प्रकृतीच्या कारणानें त्याचें काम मंदावलें, तेव्हां २०२२ सालीं चारचौघांत त्याच्यामागें तगादा लागला. मदतीस आलेल्या एका अपरिचितावर त्यानें विश्वास टाकला. आणि २०२४ च्या आरंभीं त्या अपरिचितानें आज्ञावलींत चोरवाट ठेविली. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास संगणकांत प्रवेश मिळण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. त्यांनीं मुळाशीं जाऊन शोध केला, व २९ मार्च २०२४ रोजीं ती चोरवाट जगापुढें मांडली. ती सर्वत्र पसरण्यापूर्वींच अनर्थ टळला.

हा दोष खुलेपणाचा म्हणावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. घेणारे असंख्य आणि राखणारा एक, हा खरा दोष. पाटावर एकटाच मनुष्य फावडें घेऊन उभा असला, म्हणजे मदतीस आलेला अनोळखी इसम कोण, हें पारखण्याचें त्राण त्यास उरत नाहीं.

तेव्हां वडील मंडळींनीं मुलाच्या झोपेची व अभ्यासाची काळजी अवश्य करावी, परंतु "काय मिळतें?" याबरोबर "गाळ काढावयास तुझ्याबरोबर आणखी कोण आहे?" हेंही विचारावें. कोणी नसेल, तर काम सोड असें न म्हणतां सोबती शोध असें सांगावें. ज्यांस संहिता लिहितां येत नाहीं, त्यांस आज्ञावलींतील मजकुराचें मराठी भाषांतर करितां येईल, आढळलेला दोष नीट लिहून कळवितां येईल, वर्षाकाठीं शंभर रुपये धाडतां येतील. यांतील कांहींच जमत नसेल, तर निदान राखणाऱ्यावर तगादा तरी करूं नये.