आधी ऐकून घ्या



२०२३ मध्ये आपल्या चिंचोळी एमआयडीसीत एमडीचा कारखाना पकडला, तेव्हा आपण म्हणालो, "आपल्या घरात असलं काही नाही." पण पुण्यात नोकरीला गेलेली आपली मुलं टार्गेटचा, नोकरी जाण्याचा ताण एकटीच सोसतात. मन हलकं होईल म्हणून कुणी एलएसडीचा कागद पुढे करतं. तो घेणं गुन्हा आहेच. खचलेलं मन त्याने आणखी बिथरू शकतं.

सप्तव्यसनांचा त्याग आपण पाठशाळेत शिकवतो. पण प्रायश्चित्ताची पहिली पायरी आलोचना, म्हणजे चूक न लपवता सांगणं. ओरडणाऱ्या आईला कोण सांगेल? आधी ऐकून घ्या, मग मानसोपचार डॉक्टरांकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा फोन मोफत आहे. लोक काय म्हणतील, ते नंतर बघू.