स्टेपनी कुणासाठी?

होस्टेलमध्ये दारावर थाप पडली की उघडायच्या आधीच कळतं, कुणीतरी काहीतरी मागायला आलंय. फर्स्ट इयरला ड्राफ्टर, सेकंड इयरला कॅल्क्युलेटर, फायनलला टाय आणि काळे बूट. बादली, इस्त्री आणि गाडीची चावी तर बारमाही. आपण सगळेच मागतो आणि सगळेच देतो. होस्टेल मेसवर चालत नाही, ह्या देवाणघेवाणीवर चालतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

माझ्या दारावर मात्र गेली काही वर्षं एक वेगळी थाप पडते. "भाऊ, बेस देता का?"

बेस म्हणजे बेस गिटार. चार जाड तारा - ई, ए, डी, जी. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला जेमतेम 41 कंपनं. गॅदरिंगला पुढच्या रांगेत बसलेल्याला विचारा, "बेस कसा वाटला?" तो म्हणेल, "कोणता बेस?" पण गाणं चालू असताना बेस मध्येच बंद करा. काय गेलं हे त्याला सांगता येणार नाही, पण काहीतरी गेलं हे नक्की कळेल. आमची किंमत आम्ही थांबल्यावर कळते. म्हणूनच आम्ही थांबता कामा नये. आजचा लेख त्याबद्दलच आहे. वाद्य उसनं द्यावं का, आणि आपल्याजवळ जास्तीचं सामान बाळगावं का? मला आधी हे दोन वेगळे प्रश्न वाटायचे. आता वाटत नाहीत. का, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. इंजिनिअर्स डेच्या कार्यक्रमाची तालीम होती म्हणून एका ज्युनिअरने बेस मागितला. मी दिला. आठ दिवसांनी त्याने तो आणून दिला, पुसून, कव्हरमध्ये घालून. मी खूश. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचा हिंगणघाटला एका गणपती मंडळात कार्यक्रम. पहिलं गाणं झालं. दुसऱ्याच्या अंतऱ्यात बेसचा आवाज आधी फाटला, मग घरघरला, मग गप्प. साउंडवाला माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. ड्रमवाला बिचारा एकटाच गाडा ओढतोय. समोर मंडळाची माणसं, बायाबापड्या, लहान पोरं.

झालं असं होतं. माझा बेस 'अ‍ॅक्टिव्ह' आहे, म्हणजे त्याच्या पोटात एक छोटं सर्किट आहे आणि ते 9 व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालतं. ह्या सर्किटला वेगळं बटण नसतं. केबलची पिन बेसमध्ये घातली की बॅटरी चालू, काढली की बंद. ज्युनिअरने आठ दिवस पिन काढलीच नव्हती. वाजवत नसतानाही बॅटरी आपली थेंबथेंब रिकामी होत राहिली. जी उरली सुरली होती ती हिंगणघाटच्या पहिल्या गाण्यात संपली.

मी स्टेजच्या मागे पळालो. आमच्यानंतर एका मोठ्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. त्यांचे बेसवाले काका, वय पन्नाशीच्या पुढे, खुर्चीवर बसून चहा पीत होते.

"काय झालं बाबू?"

"काका, बॅटरी गेली."

काही न बोलता त्यांनी पायाजवळची पत्र्याची पेटी उघडली. आत दोन गुंडाळलेल्या केबल, तारांचा सेट, पट्टा, पाने, स्क्रू ड्रायव्हर, काळी टेप, एक एक्स्टेन्शन बोर्ड आणि एक कोरी 9 व्होल्टची बॅटरी. तीन मिनिटांत मी परत स्टेजवर होतो.

कार्यक्रम संपल्यावर पैसे द्यायला गेलो तेव्हा त्यांचा बेस नीट पाहिला. जुना, साधा, 'पॅसिव्ह' बेस. त्याला बॅटरी लागतच नाही! मी विचारलं, "काका, मग तुम्ही बॅटरी काहून ठेवता?"

"तुमच्यासारखे भेटतात न रस्त्यात," ते म्हणाले. पैसे घेतले नाहीत. पण पेटीच्या झाकणात एक छोटी वही होती, त्यात त्यांनी लिहिलं: तारीख, हिंगणघाट, बॅटरी 1. मला जरा लागलं. म्हटलं, एका बॅटरीचा हिशेब? ते समजले असावेत. म्हणाले, "तुझ्यासाठी नाही लिहीत. पेटीतून गेली हे नाही लिहिलं, तर भरायची राहते. मग पुढच्या पोराला काय देऊ?"

मित्रांनो, चार वर्षांत रिलायबिलिटीवर जेवढं ऐकलं त्यापेक्षा जास्त मला त्या वाक्यात मिळालं.

आपण जास्तीच्या वस्तूला स्टेपनी म्हणतो. हा शब्द कुठून आला माहीत आहे? वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी 1904 च्या सुमारास मोटारीसाठी जास्तीचं चाक बनवून विकायला सुरुवात केली. त्या काळी मोटारींना जास्तीचं चाक नसायचं. पंक्चर झालं की रस्त्यातच बसून दुरुस्ती. चाकाला रस्त्याचं नाव पडलं. तिकडे आता तो शब्द फारसा कुणी वापरत नाही, पण आपल्याकडे वर्धा-आर्वी रोडवरचा पंक्चरवालासुद्धा वापरतो.

स्टेपनीचं गणित सोपं आहे. समजा, वीस कार्यक्रमांत एकदा केबल दगा देते. दोन केबल असतील तर दोन्ही एकाच दिवशी जाण्याची शक्यता वीस गुणिले वीस, म्हणजे चारशेत एक. एवढ्याशा खर्चात वीसपट भरवसा दुसऱ्या कशाने येतो सांगा! पण ह्या गणिताला दोन अटी आहेत, आणि आपण परीक्षेत लिहितो पण जगताना विसरतो.

पहिली अट, दोन्ही वस्तू स्वतंत्रपणे बिघडायला हव्यात. दोन्ही केबल एकाच पिशवीत आणि पिशवी एसटीत राहिली, तर शक्यता चारशेत एक नाही, शंभर टक्के. दोन अ‍ॅम्प आहेत पण दोन्ही एकाच ढिल्या बोर्डावर लावले, तर ते दोन नव्हेतच. दुसरी अट, स्टेपनी तपासलेली हवी. हवा नसलेली स्टेपनी म्हणजे डिक्कीतलं ओझं. निघायच्या आधी दोन्ही केबल लावून बघायला पाच मिनिटं लागतात.

आणखी एक. स्टेपनी कशाची हवी, हेही कळायला पाहिजे. नवीन मुलं आधी तारांची काळजी करतात. गिटारची बारीक तार तुटते हे खरं, पण बेसच्या जाड तारा क्वचितच तुटतात. जाते ती केबलच्या पिनेतली सोल्डर, बॅटरी, पट्ट्याचं बटण, बेसच्या जॅकचा ढिला नट. म्हणजे सगळ्यात स्वस्त वस्तू. बेस, केबल, अ‍ॅम्प, बोर्ड ही सिरीजमधली साखळी आहे. त्यात कोणतीही एक कडी गेली की आवाज शून्य. हजारोंचा बेस तर्री पोह्याच्या दोन-तीन प्लेटच्या किमतीच्या वस्तूसाठी मुका होतो. आणि दुकान? रात्री नऊला आर्वीत पिन तुटली तर नागपूरचं दुकान काय कामाचं?

पण जास्तीची वस्तू आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचं उदाहरण घ्या. 1961 साली हॅम्बुर्गमध्ये त्याने व्हायोलिनच्या आकाराचा एक स्वस्तातला हॉफनर बेस घेतला. 1963 साली दुसरा आला आणि पहिला झाला स्टेपनी. 1972 साली लंडनमध्ये तो पहिला बेस गाडीतून चोरीला गेला. 2024 च्या फेब्रुवारीत तो परत मिळाल्याचं जाहीर झालं. पन्नासहून जास्त वर्षांनी! जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध बेसवाल्याचं वाद्य असं जाऊ शकतं, तर आपण कॉमन रूममध्ये बेस भिंतीला टेकवून चहाला जातो, ते कोणत्या भरवशावर?

आता उसनं देण्याकडे येतो. आमच्या पिढीत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, "वाद्य म्हणजे बादली नव्हे, कुणालाच द्यायचं नाही." दुसरा म्हणतो, "दोस्तीत काय विचारायचं, घेऊन जा." हिंगणघाटहून परत आलो त्या रात्री मी पहिल्या पंथात गेलो. ज्युनिअरला सगळ्यांसमोर नको ते बोललो. सहा महिने आम्ही कॉरिडॉरमध्ये एकमेकांकडे न बघता जात होतो.

पण चूक कुणाची होती? पिन काढायची असते हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. परत आल्यावर मी बॅटरी तपासली नाही. पेटीत दुसरी बॅटरी ठेवली नाही. त्याच्या एका चुकीला माझ्या तीन. आणि शिक्षा फक्त त्याला. न सांगता दिलेलं वाद्य आणि विसरलेलं वाद्य ह्यांत मला आता फरक वाटत नाही.

काही जण म्हणतील, वहीत लिहून द्यायला लागलो तर ती दोस्ती कसली? मला वाटतं, उलट आहे. गावाकडे देवळातली लग्नाची भांडी बघा. गंज, पराती, झारे. कुणाचंही लग्न असो, वहीत लिहून नेतात, मोजून परत करतात. पाटलाच्या घरचं लग्न असलं तरी वही चुकत नाही. त्यामुळे कुणाचा अपमान होत नाही. उलट पुढच्या लग्नाला भांडी शाबूत मिळतात. भजनी मंडळाची पेटी, तबला, खंजिरी असंच चालतं. ती एकाची नसते, म्हणून ज्याच्या हातात असते तो जास्त जपतो. शेतकऱ्यांची सावड तीच. तुझा बैल माझ्या वावरात, माझा तुझ्या. पण दुसऱ्याच्या बैलाला उपाशी परत पाठवत नाहीत.

शिवाय आपण वर्धा जिल्ह्यात शिकतो. 1936 साली गांधीजी शेगावला राहायला आले, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं. त्यांचा विश्वस्ताचा विचार आपण निबंधात लिहून मार्क घेतले आहेत. जे आपल्याजवळ आहे त्याचे आपण विश्वस्त, हे कारखानदारांपुरतंच कशाला? एका बेसलाही लागू पडतं. विश्वस्त वस्तू कुलपात ठेवत नाही, आणि उधळतही नाही. तो ती सांभाळून वापरात ठेवतो.

कुणी विचारेल, "इथे एक बेस घेता घेता घरच्यांच्या हातापाया पडलो, स्टेपनी कुठून आणू?" रास्त आहे. दुसरा बेस मीही घेऊ शकत नाही. पण दुसरा बेस घेता येत नसेल, तर दुसरा बेसवाला ओळखीचा असावा. वर्धा, सेवाग्राम, सावंगी, पुलगाव, कुठे कोण वाजवतं ह्याची यादी फोनमध्ये ठेवायला पैसे लागत नाहीत. त्याच्या अडचणीला आपण गेलो तर आपल्या अडचणीला तो येतो. दहा जणांच्या दहा बेसला दहा स्टेपन्या लागत नाहीत. ओळख असेल तर दोन पुरतात.

म्हणून माझी ह्या अंकाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांना आणि सरांना एक विनंती आहे. होस्टेलच्या कॉमन रूममध्ये एक पेटी ठेवूया. महागडं काही नको. दोन केबल, दोन बॅटरी, एक पट्टा, पाने, टेप, एक चांगला बोर्ड, आणि कुणी नवीन तारा बसवल्या की जुन्या त्यात. सोबत दोरीने बांधलेली वही. आणि वाद्य देणाऱ्या-घेणाऱ्यांसाठी चार साधे नियम:

देणाऱ्याने देताना वाद्य वाजवून दाखवावं आणि त्याच्या खोडी सांगाव्यात. माझ्या बेसची खोडी पिन. दुसऱ्याच्या गिटारची आणखी काही असेल.

घेणाऱ्याने ते तिसऱ्याला देऊ नये. मानेतल्या सळईचा नट तर फिरवूच नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि जुलैत भिंती ओल्या होतात. लाकूड आधीच हैराण असतं. उन्हात उभ्या गाडीत वाद्य ठेवू नये.

मोडलं तर लपवू नये. मोडलेलं दुरुस्त होतं. लपवलेलं स्टेजवर उघडं पडतं.

आपला कार्यक्रम दोन दिवसांवर असेल तर "नाही" म्हणावं, आणि "नाही" ऐकणाऱ्याने रागावू नये. बँडमध्ये आपण एकटे नसतो. माझा बेस बंद पडला तेव्हा लाज माझी एकट्याची गेली नाही, पाच जणांची गेली.

त्या ज्युनिअरचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. सहा महिन्यांनी मीच त्याच्या खोलीवर गेलो. थाप मारली. त्याला वाटलं काही मागायला आलो. मी म्हटलं, "बॅटरीचं चुकलं माझं. पिनेचं सांगितलं नव्हतं." तो म्हणाला, "मला माहीतच नव्हतं न भाऊ. तुम्ही एवढे काहून चिडले तेच समजत नव्हतं." सहा महिने त्याला गुन्हा माहीत नव्हता आणि मी शिक्षा देत होतो!

हा लेख लिहितोय तेव्हा बेस त्याच्याकडेच आहे. वहीत नोंद आहे. कव्हरच्या खिशात त्याने स्वतःहून एक कोरी बॅटरी टाकली आहे, असं ऐकतो. काकांना बॅटरी परत करायची राहून गेली. ती आता त्यांना नको असणार. पण रस्त्यात कुणीतरी भेटेलच.

बघा, पटतंय का. नाही पटलं तर दारावर थाप मारा. भांडूया. येताना ड्राफ्टर तेवढा परत घेऊन या.