दिवाळी घरी घडावी

वसुबारसेला गाय-वासरू, पाडव्याला पती-पत्नी, भाऊबीजेला बहीण-भाऊ अशी दीपावलीच्या दिवसांना नाती नेमून देणाऱ्या पूर्वजांची समाजदृष्टी किती सूक्ष्म होती, हे पाहून मन थक्क होते. डिसेंबर 2025 मध्ये युनेस्कोने दीपावलीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केला. ही गोष्ट प्रत्येक हिंदूला अभिमान वाटावा अशीच आहे. तथापि, जगाने गौरवलेला हा वारसा मध्यमवर्गीय घरांत आज कोणत्या अवस्थेत आहे, याचाही विचार व्हावयास हवा.

फराळाची पाकिटे दुकानातून येतात, आकाशकंदील प्लास्टिकचा असतो आणि भाऊबीजेची ओवाळणी भ्रमणध्वनीवरून परस्पर बँकेत जमा होते. सुक्या मेव्याचा चकचकीत खोका एका घरातून दुसऱ्या घरी न उघडताच पुढे सरकतो. खर्च वाढला, पण सणात घरातील माणसांचा हात कोठे लागला, असे विचारले तर उत्तर सापडत नाही.

फराळाचे पदार्थ नीट पाहिले, तर त्यांत एक कुटुंबव्यवस्थाच दडलेली दिसते. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजत घालावे लागतात, रोज पाणी बदलावे लागते. मग ते निथळून, कुटून, गुळात मळून ठेवायचे. चकलीची भाजणी प्रत्येक धान्य वेगळे भाजून दळून आणावी लागते. करंजी तर एकट्याने करण्याचा पदार्थच नाही. एकाने लाटावी, दुसऱ्याने सारण भरावे, तिसऱ्याने कातणीने कापावी आणि चौथ्याने तळावी. हात कमी पडले की पारी वाळते. या कामाभोवती आजी, सून, नात एकत्र बसत. घराण्याच्या आठवणी, कुलाचार आणि व्यवहारज्ञान तेथेच पुढच्या पिढीकडे जात असे. कोणत्याही शाळेत न मिळणारे हे शिक्षण होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिकपणे मान्य करावयास हवा. हे सारे कष्ट स्त्रियांच्याच माथी पडत. नोकरी करून घरी आलेल्या गृहिणीने रात्री जागून सहा पदार्थ करावेत आणि इतरांनी ताटावर बसून मीठ कमी पडल्याची तक्रार करावी, याला संस्कृती म्हणता येणार नाही. म्हणूनच घरगुती दिवाळीचा आग्रह धरावयाचा, तर तो पुरुषांनी स्वतःपासून धरावा. सोऱ्या दाबणे, भाजणी दळून आणणे, कढईजवळ उभे राहणे यात कमीपणा कसला? सगळे पदार्थ घरी होणे शक्य नसेल, तर ते महिला बचत गटाकडून घ्यावेत. तेथे दिलेला पैसा एखाद्या भगिनीच्या संसारास हातभार लावतो. मात्र एक पदार्थ तरी सर्व कुटुंबाने एकत्र बसून करावा.

भेटवस्तूंचेही तसेच आहे. मुलांनी रंगवलेल्या पणत्या, बांबूच्या काड्या व पतंगी कागदाचा कंदील, घरी कुटलेले उटणे, बहिणीने विणलेला रुमाल यांचे मोल पावतीवर छापता येत नाही. अंगणात मातीचा किल्ला उभारणाऱ्या मुलाला शिवछत्रपतींचा इतिहास निराळा शिकवावा लागत नाही. जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या मराठ्यांच्या 12 दुर्गांपैकी एखादा दुर्ग निवडून बालगोपाळांनी वडिलांसह तो उभारला, तर त्याहून मोठी भेट कोणती?

आणखी एक गोष्ट. गोव्यात नरकचतुर्दशीच्या सकाळी नाना तऱ्हेचे पोहे करून आप्तेष्टांकडे फराळास जाण्याची प्रथा आहे. महाराष्ट्रातही झाकलेली ताटे घरोघर फिरत. परंतु ती ताटे अनेकदा जातीच्या उंबरठ्याशी थबकत, हे कटू सत्य नाकारण्यात अर्थ नाही. 1974 मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यता समूळ गेली पाहिजे, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले होते. घरकाम करणाऱ्या ताईंच्या हाती फराळाचा डबा देणे सोपे आहे. त्यांना सहकुटुंब बोलावून आपल्याच पंगतीत बसवणे आणि त्यांच्या घरचा फराळ तितक्याच आनंदाने खाणे, ही समरसतेची खरी कसोटी होय.

2025 च्या विजयादशमीला संघकार्यास शंभर वर्षे पूर्ण झाली. या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन आणि सामाजिक समरसता हे दोन विषय आहेत. त्यांच्या आचरणाला सभागृह लागत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दूरचित्रवाणी बंद करून सर्वांनी एकत्र जेवावे आणि एक पान वस्तीतील एखाद्या कुटुंबासाठी मांडावे. येत्या दिवाळीत प्रत्येक कार्यकर्त्याच्या घरी एवढा संकल्प व्हावा, हीच अपेक्षा.