जिथलं तिथं

अमेरिकेहून परत आल्यापासून एकच प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारलाय. सुरुवात केली आमच्या धाकट्या जाऊबाईंनी. मुलाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा एक फोटो टाकला होता. पंजाबी ड्रेस, पायात सुनेचे बूट, आणि मी एका आडव्या पडलेल्या झाडाखाली डोकं घालून बसलेली! लगेच फोन. "ताई, काय हरवलं हो?"

"हरवलं काही नाही गं, डबा शोधतेय."

मग कसला डबा, कुणी ठेवलेला, सगळं सांगणं झालं. शांतपणे ऐकून घेऊन ती म्हणाली, "ते सगळं ठीक आहे, पण डबा सापडला की मिळतं काय?"

तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नव्हतं. आज लिहायचा प्रयत्न करते.

मुलगा ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहराच्या एका उपनगरात राहतो. नातू अकरा वर्षांचा. उन्हाळ्याच्या सुटीत त्याला हा नाद लागला होता आणि दिवसभर घरात मोकळी असणारी मी एकटीच. त्यामुळे जोडीदार म्हणून आजीची नेमणूक झाली. खेळाचं नाव जिओकॅशिंग. कुणीतरी एक डबा कुठेतरी लपवून ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करतो. आपण मोबाइलमध्ये ते आकडे घालून तिथवर जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, आणि डबा होता तसाच परत ठेवून द्यायचा. झालं!

मंडळी, मी बत्तीस वर्षं पाचवी ते आठवीला भूगोल शिकवला. पृथ्वीचा गोल फिरवून फिरवून अक्षांश-रेखांश घोकून घेतले. "या रेषा काल्पनिक आहेत, लिहून घ्या," हे वाक्य किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे. पण अमुक अक्षांश आणि तमुक रेखांश जिथे छेदतात तिथे चालत जाऊन उभं राहायचं, हे आयुष्यात पहिल्यांदा घडलं ते वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. अक्षांशाच्या एका मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर दोन मीटरहूनही कमी. हे गणित मी फळ्यावर करू शकले असते, पण पावलांनी केलं तेव्हा कळलं.

या खेळाचा जन्मही तिथलाच, मुलाच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत. उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांमध्ये अमेरिकन सरकार मुद्दाम थोडी चूक मिसळत असे, म्हणजे सामान्य माणसाला आपली जागा कळली तरी ती शंभरेक मीटर इकडे तिकडे. ही चूक मिसळणं बंद केल्याचं राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १ मे २००० रोजी, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनी, जाहीर केलं. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी बीव्हरक्रीक गावाजवळ रस्त्याकडेला एक बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले: उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटं, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटं. बादलीत वही-पेन्सिल, काही पुस्तकं, व्हिडिओ, एक गलोल आणि शेंगांच्या दाण्यांचा एक डबाबंद डबा! नियम एकच, काही घ्या, काही ठेवा. आता त्या जागी स्मरणफलक आहे. एका रविवारी मुलगा आम्हाला तिथे घेऊन गेला. बघण्यासारखं फार काही नाही. रस्ता, झाडं आणि फलक. मी मात्र फलकाला हात लावून नमस्कार केला. सवय!

गंमत अशी की ती पहिली बादली आजच्या नियमांत बसत नाही. ती अर्धवट पुरलेली होती, आणि आता खड्डा खणून डबा पुरायला परवानगी नाही. तिच्यात खायची वस्तू होती, आणि आता खाण्याचं काही ठेवायचं नाही. हा दुसरा नियम मला नातवाने शिकवला. पहिल्या डब्यात मी पर्समधली शेंगदाण्याची चिक्की ठेवायला निघाले होते. "आजी, नो! वासाने रॅकून येतात, डबा फोडतात." मग चिक्की आम्ही दोघांनी खाल्ली आणि डब्यात रुपयाचं नाणं ठेवलं. एखादी वस्तू घेतलीत तर त्याच किंवा जास्त मोलाची ठेवायची, असाही शिरस्ता आहे. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, त्यातलाच प्रकार.

माझ्याकडून फजित्याही पुष्कळ झाल्या. एका दुकानाच्या पार्किंगमध्ये दिव्याच्या खांबाच्या पायथ्याला पत्र्याचं झाकण असतं, ते वर सरकतं आणि आत बोटाएवढी डबी लपवलेली असते. मी पत्रा वर करून वाकलेली असताना एक बाई काळजीने विचारायला आल्या. खेळाबाहेरच्या माणसांना हे लोक 'मगल' म्हणतात, हॅरी पॉटरच्या गोष्टीतला शब्द. मगलसमोर डबा काढायचा नाही, साळसूदपणे उभं राहायचं. मी इतकी साळसूद उभी राहिले की त्या बाईंनी मला पाण्याची बाटली देऊ केली! दुसऱ्या ठिकाणी तीन-तीन पानांच्या एका झुडपात हात घालणार होते. नातवाने मागे ओढलं. ते पॉयझन ओक. आपल्या खाजकुइलीच्या शेंगा बऱ्या म्हणायची वेळ येते म्हणे.

पण ज्यासाठी हे लिहायला बसले ती गोष्ट वेगळी आहे.

घराजवळच्या रानात ओढ्याकाठी एक डबा होता. कुजलेल्या ओंडक्याखाली, एक कोपरा बाहेर दिसेल असा. नाव लिहून झालं, नातू ओढ्याकडे पळाला, डबा परत ठेवायचं काम माझ्याकडे. मला वाटलं, हे काय उघड्यावर ठेवणं झालं? कुणीही उचलून नेईल. जन्मभर दुसऱ्याच्या वह्यांत लाल शाईने सुधारणा केलेली बाई मी, गप्प कशी बसणार! वीसेक पावलांवर एका खोडाच्या ढोलीत डबा ठेवला, वर शेवाळ आणि नेच्याची पानं घातली. स्वतःवर फार खूश झाले. "आजी, नीट ठेवलास ना?" "एकदम नीट!"

दोन आठवड्यांनी सकाळी दूध पिता पिता नातवाने मोबाइल दाखवला. त्या डब्याच्या पानावर ओळीने तिघांनी लिहिलं होतं, "सापडला नाही." एक जण दोन लहान मुलांना घेऊन आला होता, तासभर शोधून मुलं हिरमुसून परत गेली. खाली डबा ठेवणाऱ्याचं उत्तर, "रविवारी जाऊन बघतो. नसेल तर बंद करून टाकतो."

नातू म्हणाला, "आजी, आपल्याला तर सापडला होता."

आणि मी म्हणाले, "चोरीला गेला असेल."

वाचकहो, मी हे वाक्य किती सहज म्हटलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. चोर कोण हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पाहिलं होतं कुणी?

रात्री झोप लागेना. आठवला तो सातवीतला एक मुलगा. वर्गातला पृथ्वीचा गोल कुणीतरी पाडून फोडला होता. मी वर्गाला म्हटलं, खरं सांगाल तर काही करणार नाही. मधल्या सुटीत तो एकटा स्टाफरूमच्या दारात आला, "बाई, मी पाडला." आणि मी त्याला दोन दिवस वर्गाबाहेर उभं केलं. का, तर इतर मुलांना धाक राहावा म्हणून! त्यानंतर त्या वर्गात माझ्याकडे कुणी आपणहून काही कबूल केल्याचं मला आठवत नाही. केवढी शिस्तीची बाई, असं लोक म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं.

सकाळी उठून नातवाला सांगितलं. डबा मी हलवला, आणि काल तुझ्याशी खोटं बोलले. तो क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, "चल, शूज घाल."

डबा ढोलीत सुखरूप होता. परत ओंडक्याखाली ठेवला. नातवाने जुना फोटो काढून कोपरा तेवढाच बाहेर दिसतो ना, ते बघून घेतलं. मग माझ्या सांगण्यावरून मालकाला लिहिलं की माझ्या आजीने जागा बदलली होती, आता पूर्ववत ठेवला आहे, ती माफी मागते. तासाभरात उत्तर आलं. "कळवल्याबद्दल आभार. डबा आतून कोरडा आहे ना?" बस्स, इतकंच. ना उपदेश, ना रागावणं. त्या मुलाला मी असं काही विचारायला हवं होतं. लागलं तर नाही ना रे तुला?

तेव्हापासून माझं मत बनलंय की या खेळात डबा शोधण्यापेक्षा दोन गोष्टी मोठ्या आहेत. एक, होतं तसं ठेवणं. आपल्याला ती जागा कितीही चुकीची वाटो, ती दुसऱ्याने विचार करून ठरवलेली असते. आणि दुसरी, "सापडला नाही" असं लिहिणं. त्या तिघांनी कमीपणा वाटून गप्प बसायचं ठरवलं असतं, तर मालकाला काही कळलं नसतं, माझी चूक त्या ढोलीतच राहिली असती. आम्ही शाळेत बरोबर उत्तरांना गुण दिले. "बाई, मला येत नाही" म्हणणाऱ्याला कधी अर्धा गुणसुद्धा दिला नाही.

हा खेळ आपल्याकडे खेळावा का, असं भाच्याने विचारलंय. जरूर खेळावा, पण जागा बघून. इंग्लंडमध्ये वेदरबी गावात २०११ साली एकाने कॅफेबाहेर लपवलेला डबा बॉम्ब समजला गेला आणि लष्कराच्या पथकाला बोलावून तो उडवावा लागला. आपण तर १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्यात जर्मन बेकरीत एका बेवारस बॅगेने काय केलं ते पाहिलंय. तेव्हा स्टेशन, बाजार, देवळाची गर्दी इथे डबा नकोच. तिथे कुणी संशय घेतला तर तो घेणाऱ्याचा दोष नव्हे. गडावरच्या जुन्या चिऱ्यांच्या फटीतही नको. शोधणारे हात चिरे उचकटतील. उलट मला वाटतं, गडाच्या भिंतीवर बदाम आणि बाण कोरणाऱ्या आपल्या पोरांना नाव लिहायला बोटभर कागद द्यावा, आणि तो परत गुंडाळून ठेवायला शिकवावं. परवानगी घेऊन, एखाद्या शेताच्या बांधावर, शाळेच्या आवारात खुशाल ठेवा.

तर जाऊबाई, डबा सापडला की काय मिळतं? काही मिळत नाही गं. नाव लिहायचं आणि ठेवून द्यायचा. मला मात्र त्या रुपयाच्या बदल्यात एक प्लॅस्टिकचा बेडूक मिळाला. तो इथे टेबलावर आहे, पृथ्वीच्या गोलाशेजारी.

आणि हो, तो सातवीतला मुलगा आता पन्नाशीचा असेल. त्याच्या वर्गातल्या एकाचा फोन नंबर माझ्याकडे आहे. त्याच्याकडे विचारणार आहे. सापडला तर इथे लिहीन. नाही सापडला, तर तसंही लिहीन.