खाणीचे पाणी ‘मर्यादेत’ आहे. पण ते पिकाला चालेल का?

चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील वर्धा खोऱ्यात कोळसा खाणींलगत कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याची शेती आहे. खाणीतून उपसलेले पाणी सिंचनासाठी गावांना देण्यावर कोळसा मंत्रालयाचा आणि कोळसा कंपन्यांचा भर आहे. पाण्याची टंचाई पाहता हे स्वागतार्ह आहे. मात्र ‘अहवाल मर्यादेत आहे’ एवढ्यावर ते पाणी शेतात घेऊ नका.

दोन मापे, दोन प्रश्न

खाणीतून बाहेर सोडायच्या पाण्यासाठी केंद्राने २००० मध्ये निकष ठरवले. त्यात सामू ५.५ ते ९, नाल्यात सोडताना तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅम, तेल व ग्रीस १० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. सिंचनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष वेगळे आहेत: सामू ६ ते ८.५, विद्युत वाहकता (क्षारता) जास्तीत जास्त २.२५ डेसीसायमन प्रति मीटर, सोडिअम शोषण गुणोत्तर २६ पर्यंत, बोरॉन लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे पाणी खाणीच्या निकषात बसते, तरी त्यातील क्षार पिकाला झेपतील की नाही, हे त्यावरून कळत नाही.

पाणी स्वच्छ दिसले तरी

कोळशासोबतच्या गंधकयुक्त खनिजाला हवा-पाणी लागले की आम्ल तयार होते. खडकात चुना असेल तर आम्ल मरते आणि सामू सरळ दिसतो. पण सल्फेट आणि कठीणपणा पाण्यात राहतो. म्हणून फक्त सामू पाहू नका. हरभरा आणि मिरची क्षारांना लवकर बळी पडतात, कापूस बराच सोसतो. पाण्यात सोडिअम जास्त असेल तर काळी जमीन चोपण होते. गाळ आणि लोहामुळे ठिबकचे ड्रीपर बुजतात.

नमुना कसा घ्याल?

• ठिकाणे: नाल्यावर खाणीचे पाणी मिळते त्याच्या वर एक आणि खाली एक; शिवाय आपली विहीर आणि जवळचा झरा.
• वेळ: मे महिना, पहिल्या जोरदार पावसानंतर आणि रब्बीपूर्वी ऑक्टोबरमध्ये. दरवर्षी ठिकाणे तीच ठेवा.
• स्वच्छ प्लॅस्टिक बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. विहिरीचा पंप आधी १०-१५ मिनिटे चालवा. नाल्यात वाहत्या धारेतून घ्या, काठाचे साचलेले पाणी नको.
• तारीख, जागा, पाऊस आणि खाणीचा उपसा सुरू होता का, हे लिहून २४ तासांत प्रयोगशाळेत द्या.
• सामू, क्षारता, सोडिअम शोषण गुणोत्तर, अवशेष सोडिअम कार्बोनेट, सल्फेट आणि बोरॉन तपासून मागा. जड धातूंसाठी वेगळी बाटली लागते, ती प्रयोगशाळेकडूनच घ्या.

अहवाल आल्यावर

क्षारता ०.७५ च्या आत असेल तर बहुतेक पिकांना अडचण नाही. ०.७५ ते २.२५ असल्यास निचरा चांगला ठेवा आणि शक्य तिथे गोड्या पाण्याच्या पाळ्या आलटून पालटून द्या. त्यापुढे हे पाणी टाळावे. जिप्सम सरसकट टाकू नका. ते सोडिअमचा त्रास कमी करते, एकूण क्षार नाही.

नाल्याच्या वरच्या आणि खालच्या नमुन्यांत सतत मोठा फरक दिसला, तर ग्रामपंचायतीमार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयाकडे अहवाल जोडून लेखी तक्रार द्या. पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला देणे खाणीला बंधनकारक आहे आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. तो मागून आपल्या आकड्यांशी ताडून पाहा. एका नमुन्यावरून वाद होतो. त्याच जागेची दोन-तीन वर्षांची नोंद असेल, तर तुमच्या म्हणण्याला वजन येते.