रिकाम्या टाकीचे पाच आठवडे

आईच्या निधनानंतर बाबा आमच्याकडे राहावयास आले. सकाळचे फिरणे, वर्तमानपत्र, औषधांच्या वेळा हे सारे नीट चालू होते. दुपारी तीन ते पाच ही वेळ मात्र त्यांना खायला उठे. त्यांचे मन रमावे म्हणून एका रविवारी आम्ही ६० लिटरची काचेची टाकी, फिल्टर, खडे आणि आठ मासे असे सर्व एकाच फेरीत घरी आणले. नळाचे पाणी भरले आणि संध्याकाळी मासे सोडले. पुढच्या रविवारपर्यंत त्यांतील सहा दगावले होते. त्या आठवड्यात बाबांनी तीनदा सगळे पाणी बदलले, खडे घासून धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून लख्ख केला. अखेरीस खुर्चीत टेकत ते म्हणाले, ‘‘माझ्या हातून आता काही जगत नाही बघ.’’

वाचकहो, हे वाक्य माझ्या जिव्हारी लागले, आणि ते खरेही नव्हते. चूक आम्हा मुलांची होती. टाकी तयार होण्यापूर्वीच आम्ही मासे आणले होते. आईवडिलांना विरंगुळा म्हणून मत्स्यपेटी भेट देणारी अनेक कुटुंबे हीच चूक करतात, म्हणून आज त्याविषयी.

टाकी तयार होते म्हणजे काय?

मासे कल्ल्यांवाटे व मलावाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनियाच निर्माण होतो. तळ्यात पाणी अफाट असते. बंद टाकीत हा अमोनिया साचतो आणि माशांचे कल्ले पोळतात. निसर्गाने यावर दोन टप्प्यांची व्यवस्था केली आहे. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. नायट्राइटही घातकच, ते रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. मग नायट्रोस्पायरासारखे दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य असते. काही पाणवनस्पती शोषून घेतात, उरलेले पाणी बदलताना निघून जाते. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास या जिवाणूंचे कार्य प्रथम उलगडून दाखवले.

नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. आपल्या घरातील उपमा द्यायची तर दुधाला विरजण लागल्यावाचून दही होत नाही, तसेच हे आहे. फरक एवढाच की दही एका रात्रीत लागते आणि टाकीला चार ते सहा आठवडे लागतात. शिवाय हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. स्पंज, खडे आणि काच यांना चिकटून राहतात. बाबांनी स्पंज नळाखाली धुतला तेव्हा क्लोरिनच्या पाण्याने जे थोडे विरजण लागू पाहत होते, तेही वाहून गेले. स्वच्छता केली म्हणून नुकसान झाले, हे त्यांना ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

माशांवाचून विरजण

दुसऱ्या वेळी आम्ही टाकी रिकामी ठेवूनच सुरुवात केली. नळाच्या पाण्यात क्लोरिन घालवणारे द्रावण बाटलीवरील प्रमाणात मिसळले, फिल्टर अहोरात्र चालू ठेवला आणि रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकले. खाद्य कुजून अमोनिया तयार होतो आणि तोच जिवाणूंचा आहार होय. काही जण यासाठी अमोनियाचे द्रावण वापरतात. परंतु दमा किंवा श्वासाचा त्रास असलेल्या घरात उग्र वासाची बाटली नको, खाद्याचा मार्गच बरा. एखाद्या परिचिताची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधील स्पंजाचा तुकडा ओला ठेवूनच आणावा. हे अस्सल विरजण; त्याने काळ बराच कमी होतो.

प्रगती डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी थेंबांची चाचणी पेटी मिळते. परीक्षानळीत पाणी घेऊन सांगितलेले थेंब टाकावेत व रंग तक्त्याशी ताडून पाहावा. आधी अमोनिया चढतो. मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. शेवटी तेही उतरते आणि नायट्रेट दिसू लागते. रोज खाद्य पडत असूनही अमोनिया व नायट्राइट सलग चार-पाच दिवस शून्य आले, की टाकी तयार झाली. त्यानंतर निम्मे पाणी बदलावे. मधल्या काळात पाणी गढूळ दिसले तरी घाबरू नये आणि टाकी रिकामी करू नये. थंडीत हे काम मंदावते. २५ ते २८ अंश तापमान असल्यास बरे चालते. वीज बराच वेळ गेली तर प्राणवायूअभावी जिवाणू मरू शकतात, म्हणून वीज आल्यावर फिल्टर सुरू झाल्याची खात्री करावी.

मासे एकदम आणू नयेत. डासांच्या अळ्या खाणारे म्हणून आपल्या परिचयाचे गप्पी हे काटक असतात. आरंभी तीन-चार पुरेत. नर-मादी एकत्र ठेवल्यास संख्या झपाट्याने वाढते, म्हणून केवळ नर आणावेत. पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून मगच मासे सोडावेत. पुढे दर आठवड्याला सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा.

काळजी घेणाऱ्यांसाठी

६० लिटर पाण्याचे वजनच ६० किलो भरते. काच आणि खडे निराळे. टाकीचे स्टँड भक्कम हवे. ज्येष्ठांनी भरलेली बादली उचलू नये. चार-पाच लिटरची छोटी बादली व नळी वापरावी. नळी तोंडाने ओढू नये. फरशीवर सांडलेले पाणी लगेच पुसावे, कारण पाय घसरण्याचा धोका त्यातच असतो. टाकीत हात घालण्यापूर्वी फिल्टर व हीटरची बटणे बंद करावीत. हातावर जखम असल्यास, मधुमेह असल्यास किंवा प्रतिकारशक्ती कमी असल्यास रबरी हातमोजे घालावेत. टाकीच्या पाण्यातून त्वचेचा चिवट जंतुसंसर्ग होऊ शकतो. हात साबणाने धुवावेत. बोटावरची गाठ किंवा व्रण बरा होत नसेल, तर डॉक्टरांना टाकीविषयी आवर्जून सांगावे.

विसराळूपणा वाढलेला असेल तर माशांना दिवसातून चारदा खाऊ घातले जाते. आम्ही औषधांच्या सात कप्प्यांच्या जुन्या डबीत रोजचे खाद्य मोजून ठेवले. कप्पा रिकामा दिसला की जेवण झाले, हे बाबांना विचारावे लागत नाही.

त्या पाच आठवड्यांत बाबा रोज तीन वाजता चाचणी करीत आणि रक्तदाबाच्या वहीत उजव्या पानावर आकडे लिहीत. नात विचारी, ‘‘आजोबा, मासे कधी आणायचे?’’ ते म्हणत, ‘‘अजून नायट्राइट उतरले नाही, बाळ.’’ पस्तिसाव्या दिवशी त्यांनीच सांगितले, ‘‘आता चल.’’ त्या दिवशी आम्ही चार गप्पी आणले.

आपल्या घरीही टाकी भेट द्यावयाची असेल तर आधी रिकामी टाकी, चाचणी पेटी आणि एक वही द्या. मासे आणण्याचा दिवस ज्यांची टाकी आहे, त्यांनाच ठरवू द्या. आमची टाकी आता वर्षाची झाली आहे आणि वहीचे उजवे पान अजून रोज भरते.