बारा वर्षांचा पुरावा

एका वाचकभगिनीनें गेल्या महिन्यांत पत्र पाठवून विचारलें आहे कीं, परदेशगमनाच्या कामीं मुलीचीं शाळेचीं कागदपत्रें जुळवावयाचीं आहेत, तर शाळेंतच जन्म घालविलेल्या माणसानें त्याविषयीं चार शब्द लिहावे. पत्राचें उत्तर पत्रानेंच दिलें असतें. परंतु हा प्रसंग कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याच घरांत घडून गेलेला आहे, आणि त्यांत आम्हां शिक्षकवर्गाचा एक जुना दोषहि उघडा पडला. म्हणून ह्या वेळचें सदर त्यासच देतों.

अमेरिकेंत कायम वास्तव्य करण्याचा परवाना सोडतीनें देण्याची एक योजना तेथील १९९० च्या कायद्यानें निघाली व १९९५ पासून अंमलांत आली. बोलण्यांत तिला ‘ग्रीन कार्डाची लॉटरी’ म्हणतात. वर्षास अधिकांत अधिक ५५,००० परवाने, आणि अर्ज मात्र लाखांनीं! ज्या देशांतून मागील पांच वर्षांत पन्नास हजारांहून अधिक माणसें तेथें स्थायिक होण्यास गेलीं, त्या देशांत जन्मलेल्यांस ही सोडत बंद असते. आपला देश त्यांतच मोडतो. मग आमच्या घरांत ही लॉटरी शिरली कशी, असें वाचक विचारतील. तर येथें नागरिकत्व पाहात नाहींत, जन्मस्थान पाहतात. आणि आमच्या सूनबाईचा जन्म १९९३ सालीं मस्कतचा. आमचे व्याही त्या काळीं तेथें नोकरीस होते. ओमान देशास सोडत खुली. आणि पत्नी मुख्य अर्जदार झाली म्हणजे पति व अविवाहित लहान मुलें तिच्याबरोबर जाऊं शकतात. मात्र त्या सर्वांचीं नांवें पहिल्या अर्जांतच घातलेलीं असावीं लागतात.

२०२१ च्या ऑक्टोबरांत चिरंजीवांनीं संगणकावर अर्ज भरला तो गंमत म्हणून. २०२२ च्या मे महिन्यांत निकाल पाहिला तेव्हां गंमत संपली. (निकाल स्वतःच्या नोंदक्रमांकानें सरकारी संकेतस्थळावर पहावयाचा असतो. ‘आपली निवड झाली, पैसे पाठवा’ अशीं पत्रें येतात तीं ठगांचीं समजावीं.) आणखी एक गोष्ट आधींच सांगून टाकतों. २०२५ च्या डिसेंबरांत अमेरिकन सरकारनें ही योजना थांबविल्याचें जाहीर केलें. तेव्हां हा लेख वाचून कोणी अर्जास धांवावें असा माझा हेतु नाहीं. कागदांची गोष्ट मात्र कोणत्याहि देशाच्या दारांत तीच आहे.

निवड झाली म्हणजे परवाना मिळाला असें नव्हे. निवडलेल्यांची संख्या परवान्यांहून मोठी असते. त्यांतून आपला क्रमांक लागून, त्या वर्षाच्या ३० सप्टेंबरच्या आंत मुलाखत पार पडून व्हिसा हातीं आला नाहीं, तर सारें मावळतें. आणि मुलाखतींत पहिला प्रश्न शिक्षणाचा. मुख्य अर्जदारानें प्राथमिक व माध्यमिक मिळून बारा वर्षांचा अभ्यासक्रम रीतसर शाळेंत पुरा केलेला असावा. तें नसेल तर मागील पांच वर्षांत निदान दोन वर्षें अशा व्यवसायांत घालविलेलीं असावीं कीं, जो हातीं येण्यास दोन वर्षांचें शिक्षण किंवा अनुभव लागतो. बाहेरून परीक्षा देऊन मिळविलेलें समकक्षतेचें प्रमाणपत्र चालत नाहीं. पति-पत्नींपैकीं दुसऱ्याची शाळा कोणी विचारीत नाहीं. माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दोन पदव्या घेतलेला. त्याचा गठ्ठा ह्या कामीं निरुपयोगी, आणि सूनबाईचें बारावीचें एक गुणपत्रक मोलाचें! आमच्या कुटुंबास ह्याचें फार हंसूं आलें. मग मीं माझा हिशेब केला. माझी १९७४ ची मॅट्रिक, म्हणजे जुन्या पद्धतीची अकरावी. १९७५ पासून दहावीची नवी परीक्षा सुरू झाली ती माझ्यानंतर. छत्तीस वर्षें मुलांना शिकविलेला मनुष्य त्या मापानें एका वर्षानें उणा भरतो. पाठशाळेंत केलेलें व्याकरण कोणत्या रकान्यांत मांडावें हें मला अद्याप समजलेलें नाहीं.

असो. आतां कागदांकडे वळूं. सूनबाईचीं गुणपत्रकें माहेरीं, लुगड्यांच्या ट्रंकेंत, डांबराच्या गोळ्यांच्या वासांत निजलेलीं होतीं. दहावीचें प्रमाणपत्र व्याह्यांनीं प्रेमानें प्लास्टिकमध्यें मढवून घेतलें होतें. वाचकांनीं असें करूं नये. मढविलेल्या कागदावरचा शिक्का व सही पारखतां येत नाहीं आणि तें आवरण काढूं जातां कागद फाटतो. बारावीचें गुणपत्रक होतें, पण प्रमाणपत्र नव्हतें. गुणपत्रक वेगळें व उत्तीर्ण झाल्याचें प्रमाणपत्र वेगळें, हें पुष्कळ सुशिक्षित घरांतहि ठाऊक नसतें. प्रमाणपत्र मागाहून कॉलेजांत येऊन पडतें आणि मुलें तें नेण्यास विसरतात. आमचेंहि तेथेंच, बारा वर्षें कपाटांत पडून होतें. तें मिळालें. नांवाचा घोळ ह्याहून मोठा. गुणपत्रकावर माहेरचें नांव, आडनांव आधीं, पासपोर्टावर सासरचें, आणि लग्नांत तांदळांत अंगठीनें लिहिलेलें तिसरेंच, जें आमच्या आत्याबाईंच्या आग्रहानें लग्नपत्रिकेंत छापलेलें. सुदैवानें विवाहनोंदणीच्या दाखल्यावर माहेरचें व सासरचें अशीं दोन्ही नांवें नीट जोडलेलीं होतीं, म्हणून निभावलें. तांदळांतलें नांव तांदळांतच राहिलें हें एक बरें झालें.

पण खरी अडचण शेवटच्या कागदावर आली. सूनबाईचीं पहिलीं चार वर्षें मस्कतच्या शाळेंत व पुढचीं आठ इकडे झालीं. ती २००३ च्या जूनमध्यें आजोबांच्या गांवीं, कृष्णाकांठीं, पांचवींत बसली. चार आणि आठ मिळून बारा, ही सांखळी जोडणारा कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर मागील शाळेचें नांव असतें. तो मीं चष्मा पुसून वाचूं लागलों. नांव बरोबर, जन्मतारीख बरोबर, मागील शाळा बरोबर. आणि ‘जन्मस्थळ’ ह्या रकान्यांत त्या कृष्णाकांठच्या गांवाचें नांव! पोथींत शिरलेला अपपाठ जसा प्रतीवरून प्रतींत उतरत जातो, तसा तो शाळेच्या दाखल्यावरून कॉलेजच्या दाखल्यावरहि उतरला होता. मंडळाच्या गुणपत्रकावर जन्मस्थळाचा रकाना नसतो, एवढें दैव.

वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. जिचा सारा हक्क ‘जन्म मस्कतचा’ ह्या तीन अक्षरी गांवावर उभा, तिच्याच शाळेचा शिक्का मारलेला कागद सांगत होता कीं, ती येथली.

तो चुकीचा शब्द कोणी व कसा लिहिला असेल हें मला विचारण्याची गरज नव्हती. जूनचा महिना, दारांत पालकांची रांग, आणि मास्तर एका हातानें घाम पुशीत रजिस्टर भरीत आहेत. “गांव कोणतें?” एवढें विचारावयाचें, आणि तेंच राहण्याच्या रकान्यांत, तेंच जन्माच्या रकान्यांत. जन्मतारीख न सांगतां येणाऱ्या किती मुलांस मीं स्वतः १ जून ही तारीख बहाल केली, त्याची गणती नाहीं. तीं मुलें आज आपापल्या नातवंडांसह तोच वाढदिवस साजरा करीत असतील. सूनबाईच्या दाखल्यावरील अक्षर माझें नव्हतें. संवय माझी होती.

रात्रीं जेवणें झाल्यावर मंडळी बसली. आमचे थोरले बंधु अण्णा व्यवहारी. ते म्हणाले, “त्या तालुक्यांत माझी ओळख आहे. जुनी तारीख घालून नवा दाखला दोन दिवसांत होईल. गोष्ट तर खरीच लिहावयाची आहे. त्यांत पाप कसलें?” चिरंजीव कांहीं बोलले नाहींत, पण त्यांचा चेहरा अण्णांच्या बाजूचा होता; ३० सप्टेंबर ही तारीख त्यांच्या डोळ्यांपुढें होती. मला नियम ठाऊक होता. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदींत मुख्याध्यापकास आपल्या अधिकारांत खाडाखोड करतां येत नाहीं. पुरावे जोडून शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता घ्यावी लागते. शिवाय खोटा कागद पुढें केल्याचें उघडकीस आलें तर त्या देशाचें दार जन्मभर बंद होऊं शकतें. हें सर्व मीं सांगितलें असतें, पण त्याआधीं सूनबाईच म्हणाली, “मामंजी, माझा जन्म मस्कतचा हें खरें आहे ना? मग खरें सांगायला खोटा दाखला कशाला?” अण्णा सुपारी कातरीत राहिले.

येथें एक गोष्ट कबूल करतों; ती मीं घरांत कोणास सांगितली नव्हती. तो दाखला हातांत धरून बसलों असतां क्षणभर माझ्या मनांत आलें कीं, ह्या एका शब्दानें हें सारें अडलें तर बरें होईल. नात चार वर्षांची होती. सकाळीं मी पूजेस बसलों कीं, ती शेजारीं बसून सहाणेवर गंध उगाळी. अर्धें देवांस व अर्धें स्वतःच्या कपाळास लावी. मीं एक महिना नुसता ‘पाहतों, चौकशी करतों’ म्हणून घालविला असता तर कोणी मला दोष दिला नसता. मुदत आपोआप गेली असती.

दुसऱ्या दिवशीं सकाळच्या एस्‌. टी. नें त्या गांवीं गेलों. मुख्याध्यापिका बाई वयानें तरुण, कामास तत्पर. त्यांनीं सर्वसाधारण नोंदवही काढली. त्यांत तीच चूक. परंतु शाळेंत एक चांगली रीत होती. प्रवेशाचे मूळ अर्ज वर्षवार दोऱ्यांत बांधून ठेवलेले होते. वाळवी झटकीत तासाभरानें २००३ चा गठ्ठा निघाला. त्यांत व्याह्यांच्या हस्ताक्षरांतील अर्ज, ‘जन्मस्थळ: मस्कत (ओमान)’, आणि मस्कतच्या शाळेचें प्रमाणपत्र टांचलेलें. म्हणजे पित्यानें खरें लिहिलें होतें आणि शाळेनें उतरतांना चुकविलें होतें. ह्या दोहोंच्या साक्षांकित नकला, ओमानचा जन्मदाखला, पासपोर्टाची प्रत व विनंतिअर्ज, असें सर्व प्रकरण शाळेमार्फत २०२३ च्या फेब्रुवारींत वर गेलें.

दरम्यान भाषांतरें. ओमानचा जन्मदाखला अरबींत, शाळेचा दाखला मराठींत. इंग्रजी भाषांतर जोडावें लागतें व तें अचूक असल्याचें आणि आपण तें करण्यास समर्थ असल्याचें भाषांतरकारानें सहीनिशीं लिहून द्यावें लागतें. मराठी दाखल्याचें भाषांतर मी करीन असा माझा हट्ट होता. तो मुलानें नम्रपणें मोडला. घरच्या माणसाचें भाषांतर परक्या अधिकाऱ्याच्या हातीं कशास द्यावें? तेंहि खरेंच. भाषांतरकारानें चुकीचें जन्मस्थळहि जसेंच्या तसें उतरविलें. तो त्याचा धर्मच. मूळ शुद्ध करणें हें भाषांतरकाराचें काम नव्हे. आम्हीं त्याला मूळ प्रवेशअर्जाची साक्षांकित नकल व एका पानाचा खुलासा जोडला, एवढेंच.

जुलै उजाडला तरी शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरींतून आदेश आलेला नव्हता. मुलाखत मुंबईस, वांद्रे-कुर्ला संकुलांतील वकिलातींत. आंत फोन वा मोठी पिशवी नेतां येत नाहीं, म्हणून तिघांचें सामान घेऊन मी बाहेर पावसांत छत्री धरून बसलों. त्यांच्याजवळ फक्त फाईल होती: मूळ कागद एका बाजूस, झेरॉक्स प्रति दुसऱ्या बाजूस, आणि तो दाखला खुलाशासह, लपविलेला नाहीं व पुढेंहि केलेला नाहीं, आपल्या जागीं.

सुमारें तीन तासांनीं तीं बाहेर आलीं. माणशीं ३३० डॉलरांची फी घेऊन, शपथ देऊन, अधिकारी बाईंनीं प्रथम जन्मदाखला व पासपोर्ट पाहिला; मग बारावीचें गुणपत्रक व प्रमाणपत्र मागितलें, दोन्हींवरील नांव विवाहाच्या दाखल्याशीं ताडलें. मग विचारलें, “पहिलीपासून कोठें शिकलां?” सूनबाईनें सांगितलें, चार वर्षें मस्कत, सहा आजोबांच्या गांवीं, दोन सांगलीस. बाईंनीं बोटांवर मोजल्यासारखें केलें. “गांवच्या शाळेचा कांहीं कागद?” तेव्हां तिनें दाखला काढला, आणि त्यांनीं विचारण्यापूर्वींच म्हणाली, “ह्यांत जन्मस्थळ चुकलेलें आहे. दुरुस्तीचा अर्ज दिलेला आहे. शाळेचा मूळ प्रवेशअर्ज हा.” बाईंनीं खुलासा वाचला, प्रवेशअर्जावरील व्याह्यांची सही पाहिली, सर्व परत दिलें आणि पासपोर्ट ठेवून घेतले.

“एवढेंच?” मीं विचारलें.

“एवढेंच, मामंजी.” नात छत्रीखालीं शिरून भुकेची तक्रार करूं लागली होती.

मंडळी त्या वर्षीं दिवाळी करून गेली. निघण्यापूर्वीं सूनबाईनें सर्व कागदांचे दोन संच केले. मूळ प्रति बरोबर नेल्या, झेरॉक्स माझ्याजवळ ठेवल्या व पाकिटावर कोणत्या दाखल्यावर कोणतें नांव आहे तें लिहून चिकटविलें.

२०२४ च्या जानेवारींत, संक्रांतीच्या आदल्या दिवशीं, शाळेकडून लखोटा आला. आंत शिक्षणाधिकाऱ्यांचा मान्यतेचा आदेश व दुरुस्त केलेला दाखला: जन्मस्थळ मस्कत, देश ओमान. शाईनें भरलेला, गोल शिक्क्याचा. मीं तो दोनदां वाचला, त्याची एक प्रत काढून तिकडे पाठविली आणि मूळ प्रत त्या पाकिटांत ठेवली. सहाण अजून देवघरांत तिथेंच असते. गंध हल्लीं मलाच उगाळावें लागतें.